‘चांगले जंतू मरतील’ म्हणून औषध टाळू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४४. सहा-सात महिने जेवणानंतर पोट जड होणं, वरच्या बाजूला जळजळ आणि सारख्या ढेकरा यांनी हैराण होते. वडील जठराच्या कॅन्सरने गेले, त्यामुळे डॉक्टरांनी थेट एंडोस्कोपी केली. अल्सर निघाला नाही. पण बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी आढळला’, ‘क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस’ (म्हणजे जठराची जुनी सूज) आणि ‘अँट्रममध्ये एका ठिकाणी इंटेस्टिनल मेटाप्लेशिया’ असं लिहिलंय. १४ दिवसांच्या चार औषधांची चिठ्ठी मिळाली, त्यात दोन अँटिबायोटिक्स आहेत. ती चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्येच पडून आहे.

कारण माझा थोरला भाऊ. तो म्हणतो, “निम्म्या जगाच्या पोटात हा जंतू असतो. एकाला मारायला जाशील आणि पोटातले सगळे चांगले जंतू घालवून बसशील.” दादा बरंच वाचतो, त्यामुळे त्याचं बोलणं उडवून लावता येत नाही. मग मीही वाचायला लागले आणि गोंधळ वाढला. कुठे लिहिलंय की हा जंतू जठरातल्या बाकीच्या जंतूंची वस्ती उद्ध्वस्त करतो, तर कुठे लिहिलंय की तो माणसाचा हजारो वर्षांचा सोबती आहे. शौचाच्या नमुन्यावरून ‘पोटाचं मायक्रोबायोम’, म्हणजे तिथल्या जंतूंची वस्ती, सांगणारं एक किटही दिसलं. ते मागवावं का? औषध घेतलं तर पोट पूर्वीसारखं होईल का? आणि माझा १० वर्षांचा मुलगा माझ्याच बाटलीतून पाणी पितो, त्याचं काय?

— चिठ्ठी पर्समध्ये ठेवून बसलेली

उत्तर : ती चिठ्ठी आज बाहेर काढा आणि औषधं आणा. कारणं पुढे सविस्तर सांगते, पण मुख्य उत्तर अडवून ठेवण्यात अर्थ नाही. वडिलांना जठराचा कॅन्सर, रिपोर्टमध्ये मेटाप्लेशिया (जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी) आणि जंतू अजून जागेवर, हे तिन्ही एकत्र असताना थांबायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या भावाचं म्हणणं अगदी निराधार नाही. फक्त त्यांनी दोन वेगळ्या जागांची सरमिसळ केली आहे, आणि त्यात त्यांच्याइतकाच आपल्या भाषेचाही दोष आहे.

मराठीत ‘पोट’ हा फार ऐसपैस शब्द आहे. भुकेने पोटात कावळे ओरडतात तेव्हा ते जठर असतं. पोट साफ होत नाही तेव्हा ते मोठं आतडं असतं. पोट सुटतं ती चरबी, आणि पोटुशी बाईच्या बाबतीत तर आपण गर्भाशयाबद्दल बोलत असतो. (‘पित्त झालं’ची तऱ्हाही तीच. पित्त तयार होतं यकृतात आणि आपण तो शब्द वापरतो जठरातल्या आम्लासाठी.) त्यामुळे ‘पोटातले चांगले जंतू’ म्हटलं की जठर आणि आतडं एकाच पिशवीत जातात. सूक्ष्मजीवांच्या हिशेबात मात्र या दोन जागांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे साधारण १०० अब्ज जीवाणू असतात. निरोगी जठरात एका मिलिलिटरला काही शे, काही हजार, एवढेच. उपाशीपोटी जठरातल्या रसाचा पीएच १ ते २ च्या आसपास असतो. इतक्या तीव्र आम्लात घर करणं फारसं कुणाला जमत नाही.

दादा ज्या चांगल्या जंतूंची काळजी करताहेत, ते बहुतेक सगळे मोठ्या आतड्याचे रहिवासी आहेत. म्हणजे तुमच्या पत्रात खरं तर दोन प्रश्न आहेत. हेलिकोबॅक्टर जठरातल्या शेजाऱ्यांचं काय करतो, हा एक. आणि औषध आतड्यातल्या जंतूंचं काय करतं, हा दुसरा. पहिल्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा निर्णय त्यावर ठरतो.

मी वैद्यकीय महाविद्यालयात होते तेव्हा जठर जवळजवळ निर्जंतुक असतं असं शिकवायचे. परीक्षेत तसं लिहून मार्कही मिळवलेत मी. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला सूज असलेल्या जठरांच्या बायोप्सींमध्ये वाकडे जंतू दिसत होते. १९७९ पासून ते सांगत होते, कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू दिसायचा, पण प्रयोगशाळेत वाढवायला गेलं की वाढत नसे. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी आली, एरवी दोन दिवसांत टाकून दिल्या जाणाऱ्या काचेच्या बश्या जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतूंच्या वसाहती उगवल्या. बिचाऱ्याला नुसता वेळ हवा होता. पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी एंडोस्कोपी केली तेव्हा जठराला सूज आली होती. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट पुष्कळ जण सांगतात, पण त्यातला एक बारकावा गाळतात. मार्शल यांच्या उलट्यांमध्ये आम्लच नव्हतं. नवा जंतू आल्यावर काही दिवसांत जठराने आम्ल बनवणं थांबवलं होतं. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

हा जंतू आम्लात राहतो असं म्हणतात. खरं तर भर आम्लात तोही फार काळ तग धरत नाही, तो फक्त ते ओलांडून जातो. जठराच्या आतल्या अंगाला चिकट श्लेष्माचा जाड थर असतो. वरच्या बाजूला आम्ल, तर खाली पेशींना लागून जवळजवळ साधं पाणी असावं इतपत सौम्यता. हेलिकोबॅक्टरला त्या खालच्या पट्ट्यात पोचायचं असतं. त्यासाठी त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम आहे. आपल्या रक्तातून जठरात थोडा युरिया झिरपत असतो. त्याचं तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतो, आणि अमोनियामुळे त्याच्याभोवतीचं आम्ल मरतं. त्याचा मळसूत्री आकार पाहून पूर्वी वाटायचं की तो गिरमिटासारखा भोक पाडत आत शिरतो. तसं नाही. आम्ल कमी झालं की घट्ट श्लेष्म पातळ होतो आणि जंतू शेपट्या हलवत त्यातून चक्क पोहत जातो. एकदा पेशींपाशी पोचला की सहसा जन्मभराचा मुक्काम.

आता शेजारी. २००६ मध्ये अमेरिकेत २३ जणांच्या जठराच्या बायोप्सींतला जीवाणूंचा डीएनए वाचला गेला, तेव्हा १२८ प्रकार सापडले. त्यातल्या काहींची तोवर कुठेच नोंद नव्हती. हेलिकोबॅक्टर नसलेल्या जठरात साधारणपणे स्ट्रेप्टोकॉकस, प्रीव्होटेला, व्हेलोनेला, रोथिया, नायसेरिया अशी मंडळी दिसतात. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की हे बहुतेक सगळे तोंडात राहणारे. आपण दिवसभर लाळ गिळत असतो, तिच्याबरोबर ते खाली येतात. त्यांच्यातले जठरात राहायला आलेले किती आणि नुसते वाटसरू किती, हे डीएनएवरून ठरत नाही, कारण मेलेल्या जंतूचा डीएनएही मोजला जातोच.

हेलिकोबॅक्टर असलेल्या जठरात तपासणी केली की चित्र एकदम एकतर्फी दिसतं. काही अभ्यासांत सापडलेल्या जीवाणूंपैकी ९० टक्क्यांहून जास्त तो एकटाच होता. तुम्ही वाचलेलं ‘वस्ती उद्ध्वस्त’ इथूनच आलेलं असणार. पण टक्केवारी वाचताना जरा थांबायला हवं. एका सभागृहात १०० माणसं आहेत. बाहेरून ९०० जण आत शिरले. आधीच्यांचं प्रमाण १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं, पण बाहेर कुणी गेलं का? एकही नाही. त्याच २००६ च्या अभ्यासात हेलिकोबॅक्टर बाजूला काढून उरलेल्यांची तुलना केली, तेव्हा संसर्ग असलेल्या आणि नसलेल्या लोकांत लक्षणीय फरक दिसला नव्हता. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत वैविध्य खरोखर घटलेलं दिसलं. माझं मत विचाराल तर दोन्ही निकाल एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. हा जंतू शेजाऱ्यांशी थेट भांडून त्यांना हाकलतो हे चित्र अपुरं आहे. तो ज्या घरात सगळे राहतात त्या घराची हवाच बदलतो, आणि ती कुठल्या बाजूला बदलेल हे सूज जठराच्या कोणत्या भागात आहे यावर ठरतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये ‘अँट्रम’ हा शब्द आहे. अँट्रम म्हणजे जठराचा खालचा, आतड्याकडे जाणारा भाग. आम्ल बनवण्याचा हुकूम देणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक इथे तयार होतं, आणि त्याला लगाम घालणारं सोमॅटोस्टॅटिनही इथेच. सूज अँट्रमपुरती राहिली तर लगाम ढिला पडतो, गॅस्ट्रिन वाढतं, आणि वरच्या भागातल्या धडधाकट ग्रंथी जास्तच आम्ल ओतत राहतात. अशा माणसाला लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होतो. याच्या उलट, सूज वरच्या मोठ्या भागात पसरली तर आम्ल बनवणाऱ्या ग्रंथीच वर्षानुवर्षं झिजत जातात. जंतू तोच असला तरी एकाला आम्ल जास्त झाल्याचा आजार होतो आणि दुसऱ्याला आम्ल संपल्याचा. कॅन्सरची काळजी असते ती या दुसऱ्या रस्त्यावर.

आम्ल संपलं की जठराचा दरवाजा सताड उघडा. तोंडातून येणारे वाटसरू आता तिथेच मुक्काम ठोकतात, आतड्यातले काही जण वर सरकतात. विचित्र भाग असा की या टप्प्यावर हेलिकोबॅक्टर स्वतःच कमी होत जातो, कधी कधी सापडतच नाही. ज्या घराची त्याने नासधूस केली ते त्यालाच राहण्याजोगं उरत नाही. म्हणून अशा झिजलेल्या जठराची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली तर अनुभवी डॉक्टर लगेच निश्चिंत होत नाहीत. नव्याने आलेल्यांपैकी काही जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यातून कॅन्सरला हातभार लावू शकणारी नायट्रोसो संयुगं बनू शकतात. पेलायो कोरेया या कोलंबियन पॅथॉलॉजिस्टने कित्येक वर्षांपूर्वी ही उतरण मांडली होती. आधी दीर्घकाळची सूज, मग ग्रंथी झिजणं, मग मेटाप्लेशिया, मग डिस्प्लेशिया (पेशींची रचना बिघडून कॅन्सरकडे झुकणं), आणि काही थोड्यांच्या बाबतीत कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हेलिकोबॅक्टरला कॅन्सर घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

या उतरणीवर शेजारीही भाग घेतात का? उंदरांवरचे प्रयोग ‘हो’ म्हणतात. गॅस्ट्रिन जास्त तयार करणाऱ्या एका जातीच्या उंदरांना पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवून फक्त हेलिकोबॅक्टर दिला, तेव्हा जठरातले बिघाड बरेच उशिरा आले. नेहमीचे जंतू असलेल्या उंदरांमध्ये ते लवकर आले. नंतरच्या प्रयोगात नेहमीचा सगळा गोतावळा लागलाच नाही, आतड्यातल्या मोजक्या तीन प्रकारांनीही तेच काम केलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी एवढं कळतं की मुख्य आरोपी एक असला तरी रिकाम्या घरात शिरलेले बाकीचे अगदी निरपराध नसावेत.

म्हणून दादांचं वाक्य मला उलटं वाटतं. जठराच्या बाबतीत शेजाऱ्यांची घडी विस्कटणारा आत बसलाय तोच आहे. त्याला ठेवून शेजारी सांभाळता येत नाहीत.

तुमचा रिपोर्ट या उतरणीवर कुठे बसतो? मेटाप्लेशिया म्हणजे कॅन्सर नाही. जठराच्या अस्तरात एका ठिकाणी आतड्यासारख्या पेशी आल्या आहेत, इतकंच. ज्यांना ते असतं त्यांच्यातले बहुतेक लोक कॅन्सरपर्यंत कधीच जात नाहीत. तुमच्या बाबतीत ते अँट्रममध्ये, एकाच ठिकाणी आहे, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. वडिलांचा इतिहास ही वजन वाढवणारी बाजू. नेमक्या अशाच लोकांवर दक्षिण कोरियात चाचणी झाली आहे. आई, वडील किंवा भावंडाला जठराचा कॅन्सर झालेला आणि स्वतःच्या पोटात हेलिकोबॅक्टर असलेला, अशा सुमारे १,७०० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला औषध, दुसऱ्याला खोटी गोळी. नऊ वर्षांच्या आसपास पाठपुरावा केल्यावर औषधाच्या गटात १.२ टक्के लोकांना जठराचा कॅन्सर झाला, दुसऱ्या गटात २.७ टक्क्यांना. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी धोका निम्म्याहून खाली येतो, असे सौदे वैद्यकशास्त्रात फार नसतात.

पण ‘पूर्वीसारखं’ हा शब्द तुम्ही वापरलाय, त्यावर मी आश्वासन देणार नाही. जंतू गेला की सूज हळूहळू ओसरते. जठरातल्या जीवाणूंचं मिश्रण संसर्ग नसलेल्या माणसाच्या दिशेने सरकतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. झिजलेल्या ग्रंथी काही जणांत काही वर्षांत थोड्याफार सावरतात. मेटाप्लेशियाचा डाग मात्र बहुधा राहतो. चीनमधल्या एका अभ्यासात औषधानंतर एक वर्षाने पाहिलं तेव्हा ज्यांच्या जठरात झीज किंवा मेटाप्लेशिया टिकून होता, त्यांच्यात तोंडातल्या काही जीवाणूंनी ठाण मांडलेलं सापडलं. म्हणजे पाहुणा गेला तरी त्याने बिघडवलेलं आम्ल जिथे परत आलं नाही तिथे शेजारही पूर्ववत झाला नाही. लवकर औषध घेण्याचा मुद्दा हाच आहे. आणि तुमचा जडपणा, ढेकरा? त्या काही जणांच्या थांबतात, सगळ्यांच्या नाही. औषध संपल्यावरही जळजळ राहिली तर औषध फुकट गेलं असा अर्थ काढू नका.

आता दुसरा प्रश्न, आतड्याचा. इथे दादांना गुण द्यायला हवेत. दोन अँटिबायोटिक्स १४ दिवस पोटात गेल्यावर मोठ्या आतड्यातल्या वस्तीला धक्का बसतोच. तैवानमध्ये १,००० हून जास्त लोकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे नीट मोजलं गेलं. औषध संपतासंपता आतड्यातलं वैविध्य स्पष्टपणे घटलेलं होतं. तीन औषधांच्या साध्या उपचारात ते आठ आठवड्यांत जवळपास मूळपदावर आलं. चार औषधांच्या उपचारांमध्ये, म्हणजे तुमच्या चिठ्ठीसारख्यांमध्ये, एका वर्षानंतरही थोडा फरक उरला होता. हे मी लपवणार नाही. पण थोडा फरक म्हणजे सगळे जंतू घालवून बसणं नव्हे. एका पारड्यात हा फरक आणि दुसऱ्यात वर सांगितलेली उतरण, असं वजन केलं तर काटा कुठे झुकतो ते तुम्हीच पाहा.

मग साधी तीन औषधंच का नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला हा जंतू जगभर दाद देईनासा झालाय. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी अँटिबायोटिक्स तातडीने हवी असलेल्या जंतूंची यादी काढली, तिच्यात क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हेलिकोबॅक्टर होता. अर्धवट उपचार करून जंतू शिल्लक ठेवायचा आणि मग परत दुसरी अँटिबायोटिक्स घ्यायची, यात आतड्याचं नुकसान दुप्पट. एकदाच, पण पुरतं करावं.

प्रोबायोटिकबद्दल, म्हणजे जिवंत ‘चांगले’ जंतू असलेल्या औषधांबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण औषधाच्या दुकानात कुणीतरी सुचवेलच. उपचाराच्या काळात काही प्रोबायोटिक्समुळे जुलाब आणि मळमळ थोडी कमी होते, याला पुरावा आहे. त्यासाठी घ्यायचं तर घ्या. पण ‘मेलेले जंतू भरून काढायला’ महिनोन्‌महिने घेऊ नका. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिक्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांत मूळ वस्ती परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. बाटलीतले जंतू जागा अडवून बसले. मला ही गोष्ट वाचून थोडं हसू आलं होतं, कारण त्याआधी मीही रुग्णांना सर्रास लिहून देत असे.

‘हजारो वर्षांचा सोबती’ हे खरंच आहे. आफ्रिकेतून माणूस बाहेर पडला तेव्हा, म्हणजे ५० हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, तो आपल्याबरोबर होता. आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या गोठलेल्या देहातल्या जठरातही तो सापडला. आजही जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांत तो आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना काही त्रास नाही. तो नसलेल्या लोकांत दमा आणि अन्ननलिकेचे आम्लाचे आजार जास्त दिसतात, असंही काही निरीक्षणांत आलंय, म्हणून त्याला सरसकट शत्रू म्हणू नये असं मानणारे संशोधकही आहेत. त्यांचा युक्तिवाद मला विचार करण्याजोगा वाटतो. पण तो सरासरी माणसाबद्दल आहे. मेटाप्लेशिया झालेल्या आणि वडिलांना जठराच्या कॅन्सरने गमावलेल्या ४४ वर्षांच्या बाईबद्दल नाही.

औषध घेताना एवढं पाहा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. चिठ्ठीत बिस्मथ असेल तर शौच काळी होईल, घाबरू नका. जीभही काळपट दिसेल. मेट्रोनिडॅझोल असेल तर तोंडात धातूसारखी चव राहते आणि मद्य पूर्ण वर्ज्य. टेट्रासायक्लिन असेल तर ते दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, नाहीतर अंगी लागत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी औषध सोडून द्यावंसं वाटेल, बहुतेकांना वाटतं. त्या दिवशी सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. बिस्मथ नसताना शौच डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, घास अडकायला लागला किंवा वजन कारण नसताना उतरलं, तर फोन न करता थेट जा.

आणि जंतू गेला की नाही हे तपासल्याशिवाय हा विषय बंद करू नका. औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची चाचणी किंवा शौचातल्या अँटिजेनची चाचणी करायची. श्वासाच्या चाचणीत खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जंतू उरला असेल तर त्याचं युरिएज तो फोडतं आणि खुणेचा कार्बन डायऑक्साइड श्वासात येतो. चोर ज्या हत्याराने आत शिरला, त्याच हत्याराने पकडला जातो. पण आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जंतू दबून राहतो आणि चाचणी फसते, म्हणून त्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बंद करायच्या. रक्तातली अँटिबॉडीची चाचणी या कामाला उपयोगाची नाही, जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह राहते. पुढची एंडोस्कोपी कधी, हेही आत्ताच विचारून ठेवा. एका ठिकाणचा मेटाप्लेशिया आणि कुटुंबात कॅन्सर असेल तर युरोपातल्या मार्गदर्शक सूचना साधारण तीन वर्षांनी परत पाहण्याचा विचार करायला सांगतात.

ते किट मागवू नका. शौचातून कळते ती मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाची हकीकत. जठरातले काही हजार जीवाणू आतड्यातल्या अब्जावधींमध्ये कुठे शोधणार? आणि समजा यादी मिळालीच, तर तिच्यावरून तुमच्या उपचारात एक गोळीही बदलणार नाही.

मुलाची बाटली वेगळी केलीत तर चांगलंच. हा जंतू बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून तोंडावाटे येतो. पण १० व्या वर्षी त्याला काही त्रास नसेल तर आत्ता तपासणीच्या मागे लागू नका. लक्षणं नसलेल्या मुलांना शोधून औषध द्यावं असं बालरोगतज्ज्ञ सांगत नाहीत.

तपासायला हवं ते दुसऱ्याच कुणाला. जे वडील तुमचे, तेच दादांचे. लहानपणीचं घर एक, बहुधा पाण्याचं भांडंही एक. तुमच्या चिठ्ठीवर मत देण्याआधी त्यांनी स्वतःची श्वासाची चाचणी करून घ्यावी, असा माझा निरोप त्यांना द्या. आणि तेही अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असतील तर आधीचे दोन आठवडे ती बंद ठेवायला सांगा.